नाशिक मनपाचं अंदाजपत्रक कसं वाचायचं? आणि कंपन्या खरंच कमी कर भरतात का?

इंदिरानगर_जिज्ञासू

दोन प्रश्न आहेत. ते एकमेकांत गुंतलेले वाटतात म्हणून एकच धागा काढतोय.

पहिला: मनपाचं अंदाजपत्रक जाहीर झालं की बातमीत फक्त एकूण कोटींचा आकडा आणि ‘करवाढ नाही’ एवढंच येतं. पूर्ण पुस्तक हातात घेतलं तर नेमकी कुठली पानं बघायची?

दुसरा: सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतींतल्या लहान भागीदारी संस्था ३१ टक्के कर भरतात आणि मोठ्या कंपन्या २५, असं नेहमी ऐकू येतं. हे खरं असेल तर उलटा न्याय झाला. शिवाय नाशिकमधून गेलेल्या या कराचं नाशिकला परत काय मिळतं?

राजकीय पक्षांची धुणी इथे धुऊ नयेत ही विनंती. आकडे आणि कलमं असतील तर उत्तम.

---

जमाखर्च

अंदाजपत्रकाच्या पुस्तकात प्रत्येक लेखाशीर्षापुढे (जमेच्या किंवा खर्चाच्या बाबीपुढे) रकाने असतात: मागच्या वर्षांचे प्रत्यक्ष आकडे, चालू वर्षाचा मूळ अंदाज, सुधारित अंदाज आणि पुढच्या वर्षाचा अंदाज. बातमी शेवटच्या रकान्याची होते. तुम्ही पहिल्यापासून सुरुवात करा. लागोपाठ तीन वर्षांची पुस्तकं घेऊन एकाच शीर्षाचा मूळ अंदाज, सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष शेजारी शेजारी लिहा. आधी घरपट्टी, मग पाणीपट्टी, मग नगररचनेचं विकास शुल्क. या तीन ओळींतच बरंच कळतं. विकास शुल्क बांधकाम परवानग्यांवर हलतं, त्यामुळे एका चांगल्या वर्षाचा आकडा पुढच्या वर्षी वाढवून धरला की खड्डा ठरलेला.

एक तारीख लक्षात ठेवा: २० फेब्रुवारी. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ९९ प्रमाणे पुढच्या वर्षाच्या करांचे दर त्या तारखेपर्यंत ठरवावे लागतात. दर वाढलेले नाहीत आणि तरी घरपट्टीचा अंदाज एकदम तीस टक्के वर गेलेला दिसला, तर ती वाढ नव्या मिळकतींच्या नोंदीतून किंवा थकबाकी वसुलीतूनच यायला हवी. मग नव्या मिळकती किती आणि थकबाकी कोणत्या वर्षाची, हे विचारायचं. उत्तर नसेल तर तो आकडा खर्चाची बाजू जुळवायला बसवलेला आहे असं समजा.

खर्चाच्या बाजूला सगळ्यात महत्त्वाचा शब्द ‘दायित्व’. कार्यादेश (ठेकेदाराला काम सुरू करायचा लेखी आदेश) देऊन झालेत, काम चालू आहे किंवा संपलंय, पण पैसे द्यायचेत. समजा भांडवली कामांसाठी वर्षाला खरोखर ४०० कोटी हाताशी येतात आणि दायित्व १२०० कोटींचं आहे. म्हणजे एकही नवं काम न काढता तीन वर्षांचे पैसे आधीच बोलून झालेत. तरीही पुस्तकात नव्या रस्त्यासाठी ‘१ लाख रुपये तरतूद’ दिसेल. ही टोकन तरतूद. लेखाशीर्ष उघडून ठेवायचं, म्हणजे पुढे पुनर्विनियोजनानं त्यात पैसे वळवता येतात. छोट्या तरतुदीची मोठी कामं मोजा, गंमत कळेल.

---

शेडनंबर७

जमाखर्च यांच्याशी सहमत, एक भर घालतो. आस्थापना खर्चाला, म्हणजे कर्मचाऱ्यांवरच्या खर्चाला, ३५ टक्क्यांची मर्यादा आहे, त्याच्या वर गेलं की नोकरभरती अडते. ही टक्केवारी दिसते तेवढी साधी नाही. घंटागाडी, सुरक्षारक्षक, उद्यान देखभाल ही कामं ठेक्यानं दिली की तिथली मजुरी आस्थापनेत धरली जात नाही, वेगळ्या लेखाशीर्षात जाते. माणसं तीच, झाडू तोच, टक्केवारी मात्र आटोक्यात.

आता मूळ प्रश्नाचा दुसरा भाग. हो, भागीदारी संस्थेला ३० टक्के आणि वर ४ टक्के उपकर, म्हणजे ३१.२. उत्पन्न एक कोटीच्या वर गेलं की १२ टक्के अधिभार लागून ३४.९४४. आणि आयकर कायद्याचं कलम ११५बीएए (कमी दराचा ऐच्छिक पर्याय) घेतलेल्या कंपनीला २२ टक्के, त्यावर १० टक्के अधिभार, त्यावर ४ टक्के उपकर, मिळून २५.१६८. अंबडमध्ये तीन लेथवर टर्निंग करणारा ३१ भरतो आणि त्याच्याकडून माल घेणारी कंपनी २५. यात न्याय कुठे आहे ते कुणीतरी दाखवा.

---

तोलूनमापून

शेडनंबर७, दर बरोबर आहेत, निष्कर्ष घाईचा आहे. भागीदारी संस्थेचा ३१.२ टक्के कर पूर्ण नफ्यावर लागत नाही. कलम ४०(बी) प्रमाणे काम करणाऱ्या भागीदारांचं मानधन वजा होतं. आर्थिक वर्ष २०२४-२५ पासून पहिल्या ६ लाखांच्या पुस्तकी नफ्यावर ३ लाख किंवा ९० टक्के यातलं जे जास्त ते, आणि उरलेल्यावर ६० टक्के.

आकडे घालून बघू. भांडवलावरचं व्याज (१२ टक्क्यांपर्यंत मान्य) वजा करून पुस्तकी नफा ४० लाख, काम करणारे भागीदार दोन. मान्य मानधन ५.४० + २०.४० = २५.८० लाख. संस्थेचं करपात्र उत्पन्न १४.२० लाख, त्यावर ३१.२ टक्के म्हणजे ४,४३,०४०. प्रत्येक भागीदाराचं मानधन १२.९० लाख. दुसरं उत्पन्न नसेल तर नव्या करप्रणालीत २०२५-२६ साठी प्रत्येकी ७६,४४०. सगळं मिळून ५,९५,९२०. चाळीस लाखांवर १४.९ टक्के.

भागीदार तीन असते तर प्रत्येकी ८.६० लाख. १२ लाखांपर्यंत सवलत असल्यानं त्यांचा कर शून्य, एकूण ११ टक्क्यांच्या आसपास. उरलेला नफा भागीदार घरी नेतात त्यावर पुन्हा कर नाही, कलम १०(२ए).

आता कंपनी. १०० रुपये नफा, २५.१७ कर, हातात ७४.८३. हा लाभांश म्हणून वाटला की २०२० पासून भागधारकाच्या हातात त्याच्या टप्प्याप्रमाणे कर. तो ३० टक्क्यांच्या टप्प्यात असेल तर आणखी २३.३५. बेरीज ४८.५. म्हणजे पैसा कंपनीतच ठेवून मशिनरी घ्यायची असेल तर कंपनी स्वस्त, दरवर्षी घरी न्यायचा असेल तर भागीदारी. दोन दर शेजारी ठेवून ‘उलटा न्याय’ म्हणता येत नाही.

चूक कुठे होते तेही सांगतो. भागीदारी करारनाम्यात मानधनाची रक्कम किंवा ती काढायची पद्धत लिहिलेली नसते. ‘भागीदार आपसांत ठरवतील’ एवढंच वाक्य असेल तर सगळं मानधन नामंजूर होऊ शकतं, मग खरोखर ३१.२ बसतो. प्रत्यक्ष कर मंडळाचं १९९६ चं परिपत्रक ७३९ याच विषयावर आहे. आणि १ एप्रिल २०२५ पासून भागीदाराला दिलेलं मानधन, व्याज वर्षात २०,००० च्या वर गेलं की १० टक्के टीडीएस कापायचा, कलम १९४टी. ‘आपलीच संस्था, आपलेच पैसे’ म्हणून हे विसरलं जातं.

(१ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा २०२५ लागू आहे, कलमांचे आकडे बदललेत. इथे जुने वापरतोय कारण सगळ्यांच्या तोंडी तेच आहेत.)

---

शेडनंबर७

हिशेब मान्य. म्हणजे छोट्या संस्थेचं दुखणं दर नाही. पण मग छोट्या प्रायव्हेट लिमिटेडचं काय? तिनं डोळे झाकून ११५बीएए घ्यावं का? बरेच जण तसाच सल्ला देतात.

---

तोलूनमापून

डोळे झाकून अजिबात नाही. दोन वर्षांपूर्वीची उलाढाल ४०० कोटींच्या आत असेल तर साधा दर २५ आहे. नफा एक कोटीच्या आत असेल तर अधिभार नाही, म्हणून २६ टक्के. ११५बीएए मध्ये १० टक्के अधिभार नफा कितीही असला तरी लागतो, म्हणून २५.१६८. फरक ०.८३२. एक कोटी नफ्यावर फक्त ८३,२०० रुपये.

आता त्या वर्षी ५० लाखांचं सीएनसी मशीन घेतलं असेल तर? नेहमीचा घसारा (मशिनच्या झिजेपोटी नफ्यातून मिळणारी वजावट) १५ टक्के, ७.५० लाख, दोन्हीकडे मिळतो. पण उत्पादन करणाऱ्याला नव्या मशिनवर पहिल्या वर्षी २० टक्के जादा घसारा मिळतो, १० लाख, तो ११५बीएए मध्ये मिळत नाही. नेहमीचा घसारा वजा करून नफा १ कोटी असेल तर जुन्या पद्धतीत ९० लाखांवर २६ टक्के, २३.४० लाख. नव्यात २५.१७ लाख. त्या वर्षी जुनीच पद्धत पावणेदोन लाखांनी स्वस्त. हा फायदा कायमचा नसतो हे खरं, पुढच्या वर्षांत घसारा तेवढा कमी मिळतो, पण मशिनचे हप्ते चालू असताना रोख हातात राहते. मशीन वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरलं तर दोन्ही घसारे निम्मे. म्हणून ऑक्टोबरमध्ये आलेलं मशीन आणि सप्टेंबरमध्ये चालू केलेलं मशीन यात कराचा फरक पडतो.

एकदा ११५बीएए घेतलं की परत फिरता येत नाही. साठलेलं मॅट क्रेडिट (आधी भरलेल्या किमान पर्यायी कराची पुढे मिळणारी वळती) २०२५-२६ पर्यंतच्या नियमांत बुडायचं. आणि हा पर्याय निवडल्याचा फॉर्म १०-आयसी विवरणपत्राच्या मुदतीत भरावाच लागतो. विवरणपत्रात खूण केली पण फॉर्म राहिला, अशा इतक्या कंपन्या निघाल्या की काही वर्षांसाठी मंडळाला उशीर माफ करणारी परिपत्रकं काढावी लागली. दरवेळी निघतील या भरवशावर राहू नये.

---

काट्यावरचा

तुम्ही दोघं मशिनच्या घसाऱ्यात रमलात, मोठी गोष्ट सुटली. २० सप्टेंबर २०१९ च्या अध्यादेशानं कंपनी कर ३० वरून २२ वर आणला आणि नव्या उत्पादक कंपन्यांना १५. सरकारनंच तेव्हा वर्षाला १.४५ लाख कोटींचा महसूल सोडल्याचं सांगितलं. ‘गुंतवणूक वाढेल’ हा युक्तिवाद होता. सवलत सरसकट दिली, गुंतवणूक करा नाहीतर करू नका. सवलत आधी आणि अट मागाहून, यालाच माझा आक्षेप आहे. जादा घसारा तरी मशीन आणल्यावर मिळतो.

कुणाला खरोखर किती दर पडतो हे बघायचं असेल तर केंद्रीय अर्थसंकल्पाच्या ‘प्राप्ती अंदाजपत्रका’ला जोडलेलं करसवलतींच्या महसुली परिणामाचं विवरणपत्र बघा. त्यात नफ्याच्या टप्प्यांनुसार कंपन्यांचा प्रभावी दर असतो. २०१९ च्या आधीच्या विवरणपत्रांत ५०० कोटींच्या वरच्या कंपन्यांचा प्रभावी दर एक कोटीच्या आतल्यांपेक्षा कमी दिसायचा, कारण वजावटी वापरण्याची ताकद त्यांच्याकडेच. अन्याय शोधायचा तर तिथे.

जगातही वेगळं नाही. ॲपलला आयर्लंडमध्ये १३ अब्ज युरो भरायला लावणारा निकाल युरोपीय न्यायालयानं सप्टेंबर २०२४ मध्ये दिला तो नफा कुठे दाखवायचा या प्रश्नावरच होता. ७५ कोटी युरोंवर उलाढाल असलेल्यांना किमान १५ टक्के ही कल्पना याच प्रश्नातून, निकालाच्या आधीच, पुढे आली होती.

---

शेडनंबर७

काट्यावरचा, तुमचा मुद्दा मोठ्या आकड्यांचा. शेडमधला अन्याय पैसे उशिरा मिळण्याचा असतो. माल दिला की पुढच्या महिन्याच्या २० तारखेला जीएसटी आपल्या खिशातून भरायचा आणि बिलाचे पैसे ९० ते १२० दिवसांनी. म्हणजे लहान माणूस मोठ्या कंपनीला बिनव्याजी कर्ज देतो.

यावर आयकर कायद्यात कलम ४३बी(एच) आलं. सूक्ष्म आणि लघु उद्योगांना लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत पैसे. मुदत मोडली आणि पैसे ३१ मार्चपर्यंतही दिले नाहीत, तर खरेदीदाराला त्या वर्षी तो खर्च वजा करता येत नाही. उदाहरण: १ फेब्रुवारीला माल स्वीकारला, बिल १० लाख, करार ४५ दिवसांचा, मुदत १८ मार्च. पैसे २० एप्रिलला दिले. खर्च पुढच्या वर्षात ढकलला जातो, २५.१६८ टक्क्यांनी २,५१,६८० रुपये कर एक वर्ष आधी भरावा लागतो. तेच पैसे २८ मार्चला दिले तर मुदत मोडूनही वजावट त्याच वर्षी मिळते. आणि २० मार्चला स्वीकारलेल्या मालाचे पैसे ४ मेपर्यंत दिले तरी अडचण नाही.

म्हणून कलमाचा चावा फक्त मार्चअखेर बसतो. मे महिन्यातल्या बिलाला डिसेंबरपर्यंत लटकवलं तरी आयकरात काही होत नाही. तिथे एमएसएमई (सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योग) कायद्याचं व्याज आहे, बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ. मागतं कोण? मागितलं की पुढची ऑर्डर दुसऱ्याकडे.

व्यापारी आणि मध्यम उद्योगांना ४३बी(एच) लागू नाही. आणि बिलावर उद्यम (लघुउद्योग नोंदणी) क्रमांक छापा. तो नसेल तर खरेदीदाराचा लेखापाल तुम्हाला त्या यादीत धरतच नाही.

---

इंदिरानगर_जिज्ञासू

खूप मिळालं. पण ‘नाशिकला परत काय’ ते राहिलंच.

---

रामकुंडी_गणित

एक कोटी नफा, ११५बीएए, कर २५.१६८ लाख. यातले २२ लाख मूळ कर. अधिभार आणि उपकराचे ३.१६८ लाख राज्यांशी वाटायचे नसतात, संविधानाचा अनुच्छेद २७० त्यांना बाहेर ठेवतो. म्हणजे साडेबारा टक्के रक्कम वाटपाच्या ताटात येतच नाही. २२ लाखांपैकी पंधराव्या वित्त आयोगाच्या (२०२१-२६) शिफारशीप्रमाणे ४१ टक्के सगळ्या राज्यांना: ९.०२ लाख. त्यात महाराष्ट्राचा हिस्सा ६.३१७ टक्के: साधारण ५७ हजार रुपये. वसुलीचा खर्च आधी वजा होतो, तो इथे सोडून दिलाय.

हे वाचून कुणी लगेच मुठी आवळू नयेत. त्या आयोगानं उत्पन्नातल्या तफावतीला ४५ टक्के वजन दिलं होतं, गरीब राज्याला जास्त मिळावं हाच हेतू. आणि कर कुठल्या गावाच्या नावावर दिसतो हाही फसवा आकडा असतो. कारखाना नाशिकला आणि नोंदणीकृत कार्यालय मुंबई किंवा बंगळुरूला असेल तर कंपनी कर तिकडच्या खात्यात दिसतो. महिंद्रा आणि बॉश ही सरळ उदाहरणं.

मनपाच्या तिजोरीत कंपनी कराचा थेट रुपया नाहीच. पूर्वी जकात होती, २०१३ मध्ये तिच्या जागी एलबीटी (स्थानिक संस्था कर) आला, १ ऑगस्ट २०१५ ला ५० कोटींच्या आतल्या उलाढालीला तो माफ झाला आणि १ जुलै २०१७ ला जीएसटी आल्यावर उरलासुरला संपला. त्याबदल्यात राज्य मनपाला भरपाई देतं: २०१६-१७ पायाभूत वर्ष, त्यावर दरवर्षी ८ टक्के चक्रवाढ. नऊ वर्षांत, म्हणजे २०२५-२६ ला, ती बरोबर दुप्पट.

आता याचा अर्थ बघा. अंबडला दहा नवे कारखाने आले तरी भरपाई ८ टक्क्यांनीच वाढते, दहा बंद पडले तरी ८ टक्क्यांनीच. जकातीच्या नाक्यावर लाच होती, रांगा होत्या, सगळं खरं. पण शहराची उलाढाल वाढली की तिजोरी वाढायची. तो धागा तुटला. आता नव्या कारखान्यातून मनपाला घरपट्टी, पाणीपट्टी, बांधकामाचं शुल्क आणि जमीन विकली गेली तर मुद्रांक शुल्कासोबतचा १ टक्का अधिभार, एवढंच. रस्त्यावरून ट्रक मात्र जाणार.

---

जमाखर्च

म्हणूनच घरपट्टीकडे परत या. करयोग्य मूल्य = चौरस फूट × मासिक दर × १२, त्यातून दुरुस्तीचे १० टक्के वजा. ५,००० चौरस फुटांच्या शेडला समजा दर २ रुपये: १,२०,००० वजा १२,००० = १,०८,०००. यावर करांचे टक्के. घोळ असा की दर पहिल्या आकारणीच्या वेळी ठरतो आणि तसाच राहतो. २०१८ मध्ये नाशिकमध्ये नव्या मिळकतींचे दर वाढवले, जुन्यांचे जुनेच राहिले. एकाच गल्लीत, एकाच मापाच्या दोन शेडना वेगवेगळी घरपट्टी. न्याय्य कर म्हणायचं तर सुरुवात इथून व्हायला हवी, पण जुन्या मिळकतधारकांची संख्या जास्त आणि मतंही.

वसुलीच्या टक्केवारीतली हातचलाखीही बघा. समजा चालू मागणी १००, थकबाकी ६०, शास्ती (उशिराचा दंड) ४०. वसूल झाले ९०, त्यातले चालूचे ६०. जाहीर होतं ‘९० टक्के वसुली’. चालूची खरी वसुली ६० टक्के, एकूण मागणीवर ४५. शास्ती महिन्याला २ टक्के, वर्षाला २४. इतकी जबर शास्ती लावायची आणि मग अभय योजनेत बहुतेक माफ करायची. मार्चमध्ये थांबणारा हुशार ठरतो, एप्रिलमध्ये भरणारा भोळा.

रेल्वेसारख्या केंद्राच्या मिळकतींना अनुच्छेद २८५ मुळे घरपट्टी नाही, पण २००९ च्या राजकोट महापालिका प्रकरणापासून सेवा शुल्क ठरलंय: मनपाच्या सेवा पूर्ण वापरल्या तर घरपट्टीच्या ७५ टक्के, अंशतः ५०, अजिबात नाही तर ३३⅓. या शीर्षाची मागणी आणि वसुली वेगळी मागा.

---

काट्यावरचा

आणि सिंहस्थ? ३१ ऑक्टोबर २०२६ ला ध्वजारोहण, पहिलं अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७. सगळे निधीच्या आकड्यांवर बोलतायत.

---

जमाखर्च

अनुदान बांधकामाला मिळतं, चालवायला नाही. मलनिस्सारण केंद्र अनुदानातून उभं राहतं, त्याचं वीजबिल, रसायनं आणि माणसं मनपाच्या महसुली खर्चात येतात आणि तिथेच राहतात. रस्त्यांचा दोषदायित्व कालावधी (ठेकेदारानं स्वखर्चानं दुरुस्ती करायची मुदत) संपला की खड्डेही. शिवाय योजनेत मनपाचा स्वहिस्सा किती हे बघा. तो भरला नाही तर पुढचा हप्ता अडतो, म्हणून इतर कामांचे पैसे तिकडे वळतात. २०२६-२७ आणि २०२७-२८ च्या पुस्तकांत खर्च दिसेल, पण बिलांची शेपटी २०२८-२९ मध्ये. ते पुस्तक जपून ठेवा.

---

इंदिरानगर_जिज्ञासू

दायित्वाची यादी माहिती अधिकारात मागतो. काही सूचना?

---

जमाखर्च

महाराष्ट्राच्या नियमाप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्द. घरपट्टी, दायित्व, सेवा शुल्क एकत्र मागाल तर त्याच कारणानं परत येईल. तीन वेगळे अर्ज, प्रत्येकाला १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. ‘दायित्व किती’ असं विचारू नका, एका आकड्यात उत्तर मिळेल. असं लिहा: ‘३१ मार्चअखेर कार्यादेश दिलेल्या कामांची विभागनिहाय यादी: कामाचे नाव, लेखाशीर्ष, कार्यादेशाचा दिनांक व रक्कम, आजवर अदा केलेली रक्कम, शिल्लक.’ बांधकाम, पाणीपुरवठा, मलनिस्सारण, विद्युत या विभागांची नावं लिहा, नाहीतर अर्ज टेबलावरून टेबलावर फिरतो. तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील, २० रुपये. लेखा विभागाकडेही तीच माहिती वेगळ्या अर्जानं मागा. दोन विभागांच्या बेरजा सहसा जुळत नाहीत, तो फरक इथे टाका.

---

शेडनंबर७

+१. आणि एक्सेल मागा, पीडीएफ नको. स्कॅन केलेली तिरकी पानं बेरजेला बसत नाहीत.